विरघळलें म्हणजे नाहींसें झालें काय ?

साखर पाण्यांत टाकली कीं ती दिसेनाशी होते. तथापि पाणी चाखून पाहिल्यास ती तेथेंच आहे हें लहान मुलालाही कळतें. डोळ्यांआड झालेली वस्तु नाहींशी झाली असें मानणें हा मनुष्यस्वभावाचा जुना दोष आहे. घरांतील मोरीच्या बाबतींत तर आपण हा दोष प्रतिदिवशीं गिरवितों. कपडे धुण्याची पूड, भांडीं घासण्याचा पातळ साबण, फरशी पुसण्याचें औषध, केस धुण्याचा शांपू, हीं सर्व द्रव्यें मोरीच्या जाळीखालीं गेलीं कीं आपला व त्यांचा संबंध संपला असें आपण समजतों. तो संबंध संपत नाहीं. मोरीचें पाणी गटारांत, गटाराचें नाल्यांत आणि नाल्याचें नदींत जातें. आणि त्याच नदीवर खालच्या अंगास दुसरें एखादें गांव पिण्याचें पाणी भरीत असतें.

विद्यार्थिमित्रहो, पाण्यांत सोडलेलें एखादें रासायनिक द्रव्य पुढें खरोखर नाहींसें होतें किंवा नाहीं, हें ओळखण्याची एक शास्त्रीय परीक्षा आहे. ती परीक्षा कशी घेतात, तिच्यांत उत्तीर्ण होण्याचा अर्थ काय आणि अनुत्तीर्ण होण्याचा अर्थ काय, हें प्रत्येक सुशिक्षित घरांत माहीत असलें पाहिजे, असें आमचें मत आहे. त्याहून महत्त्वाचें मत असें कीं, नवें द्रव्य पाण्यांत जाण्यापूर्वींच ही परीक्षा झाली पाहिजे, व ती झाल्याचा पुरावा देण्याचा भार द्रव्य करणाऱ्यानें उचलला पाहिजे. ह्या दोन मतांचीं कारणें आतां सांगतों.

बाजारांत हल्लीं अनेक डब्यांवर व पुड्यांवर एक हिरवें पान छापलेलें असतें आणि त्याखालीं ‘जैविक विघटनशील’ किंवा अशाच अर्थाचा एखादा शब्द असतो. शब्द चांगला आहे; परंतु तो एकटा असला म्हणजे त्यांत अर्थ फार थोडा उरतो. एखादा ऋणको सावकारास म्हणाला कीं, ‘तुमचे पैसे मी अवश्य फेडीन, मात्र किती व केव्हां तें विचारूं नका,’ तर सावकार त्याचा कितपत विश्वास धरील? केळीचें पान कुजतें, लांकूड कुजतें, चामडेंही कुजतें. पण पानास लागणारा काळ निराळा आणि सागाच्या तुळईस लागणारा काळ निराळा. द्रव्याचें विघटन होतें एवढेंच सांगणें म्हणजे रक्कम व मुदत गाळून कर्जरोखा लिहिणें होय.

हें विघटन करितो कोण? नदीच्या पाण्यांत, ओढ्याच्या गाळांत व शेताच्या मातींत असंख्य सूक्ष्मजंतु असतात. गळलेलें पान, जनावराचें शेण, मेलेला किडा हें त्यांचें अन्न. ह्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बनाचा कांहीं भाग ते आपलें शरीर वाढविण्याकडे लावितात, आणि उरलेला भाग प्राणवायूच्या साह्यानें जाळून त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड वायु करितात. आपण भाकरी खातों तेव्हां आपल्या शरीरांतही तत्त्वतः हेंच घडतें. जें द्रव्य ह्या जंतूंस खातां येतें, तें शेवटीं वायु, पाणी व क्षार यांच्या रूपानें सृष्टीच्या व्यवहारांत परत येतें. जें खातां येत नाहीं, तें तसेंच राहतें. लक्षावधि वर्षें सृष्टींत असलेले पदार्थ खाण्याची विद्या जंतूंस अवगत आहे. मनुष्यानें प्रयोगशाळेंत काल-परवां घडविलेल्या द्रव्याची मात्र त्यांस ओळख नसते. असें नवें द्रव्य जुन्यांसारखें असलें तर तें त्यांस पचतें. अगदींच परकें असलें तर पचत नाहीं.

ह्याचा धडा जगास प्रथम फेसानें शिकविला. तेल किंवा चरबी यांपासून केलेला जुना साबण जंतूंस सहज पचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलियमापासून केलेल्या धुण्याच्या पुडींचा सर्वत्र प्रसार झाला. त्यांतील मुख्य द्रव्य प्रॉपिलीन नांवाच्या वायूचे चार-चार रेणू एकत्र जोडून, त्यांस बेंझीन व गंधकाम्ल यांची जोड देऊन बनविलेलें असे. तें स्वस्त होतें व खाऱ्या, जड पाण्यांतही कपडे स्वच्छ करी. परंतु त्याच्या रेणूंतील कार्बनाची सांखळी सरळ नव्हती. बाभळीच्या डहाळीसारखे तिला जागोजाग फांटे होते. सूक्ष्मजंतु अशी सांखळी टोंकापासून दोन-दोन कार्बन तोडीत खातात. वाटेंत फांटा आला कीं त्यांचें काम अडतें. परिणाम असा झाला कीं, १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या देशांतील नद्यांवर आणि मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर फेसाचे ढीग उभे राहिले. अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं विहिरींच्या पाण्यासही फेस येऊं लागला. तेव्हां पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा केला आणि अशा द्रव्याचें निदान शेंकडा ८० विघटन झालेंच पाहिजे, हा नियम १ ऑक्टोबर १९६४ पासून अमलांत आणिला. अमेरिकेंतील कारखानदारांनीं १९६५ च्या मध्यापर्यंत आपण होऊन फांटेदार सांखळी सोडली व सरळ सांखळीचें द्रव्य स्वीकारलें. धुण्याचा गुण फारसा बदलला नाहीं. सांखळी सरळ झाली आणि जंतूंस वाट मिळाली.

ह्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगी बाब ही कीं, सांखळी आधींच सरळ करितां आली असती. नद्यांनीं वर्षानुवर्षें फेस वाहिला, तो केवळ आधीं कोणी विचारलें नाहीं म्हणून.

शिवाय, त्या काळच्या कायद्यांनीं विचारलेला प्रश्नही अपुराच होता. फेस करण्याचा गुण जातो कीं नाहीं, एवढेंच त्यांत पाहिलें जाई. पण रेणूचा एक तुकडा तुटला तरी हा गुण जातो. मागें राहिलेला तुकडा पुढें काय करितो, हें त्या प्रश्नांत येत नसे. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट ह्या लांबलचक नांवाचीं द्रव्यें धुण्याच्या कामीं, विशेषतः कापड व लोकर यांच्या गिरण्यांत, पुष्कळ वापरलीं जात. जंतु त्यांची सांखळी तोडीत जातात खरे, पण शेवटीं नोनिलफिनॉल नांवाचा जो अवशेष राहतो, तो मूळ द्रव्याहून अधिक विषारी व अधिक टिकाऊ असतो. शिवाय प्राण्यांच्या शरीरांत तो स्त्रीत्वाच्या अंतःस्रावाचें सोंग घेतो. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील एअर नदीच्या कांठीं लोकर धुण्याच्या गिरण्या होत्या. त्यांच्या खालच्या पाण्यांत १९९० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं मासे ठेवून पाहिले, तेव्हां अंडीं धरणाऱ्या मादीच्या रक्तांत असावयाचें प्रथिन नर माशांच्या रक्तांत सांपडलें. युरोपियन संघानें २००३ सालीं ह्या द्रव्यांच्या वापरावर कडक निर्बंध घातले व ते २००५ च्या जानेवारीपासून लागू केले. तात्पर्य, द्रव्याचें रूप बदलणें ही एक गोष्ट आणि त्याचा पूर्ण निकाल लागणें ही दुसरी. पहिलीस प्राथमिक विघटन म्हणतात व दुसरीस अंतिम विघटन. धुण्याच्या द्रव्यांसाठीं युरोपियन संघानें २००४ सालीं जो नवा नियम केला, त्यांत अंतिम विघटनाचा पुरावा मागितला, हें ह्या अनुभवाचेंच फळ होय.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. आर्थिक सहकार्य व विकास संघटना नांवाची जी अनेक राष्ट्रांची संस्था आहे, तिनें १९८१ सालीं ‘सुलभ जैविक विघटना’च्या परीक्षेचे नियम प्रसिद्ध केले व १९९२ सालीं ते सुधारले. नियमावलींत ह्या परीक्षेचा क्रमांक ३०१ असून तिच्या सहा पद्धति आहेत. पण सर्वांचें मूळ तत्त्व एकच आहे. बाटलींत शुद्ध पाणी घेऊन त्यांत जंतूंस लागणारे फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह इत्यादींचे क्षार घालतात. परंतु कार्बनयुक्त असें अन्न कांहींच घालीत नाहींत. मग ज्याची परीक्षा घ्यावयाची तें द्रव्य मोजक्या मिलिग्रॅम प्रमाणांत घालतात, आणि शेवटीं मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतील गाळाचें किंवा नदीच्या पाण्याचें थोडेंसें विरजण लावितात. जंतूंपुढें आतां खाण्यास त्या द्रव्यावांचून दुसरें कांहीं नसतें. बाटली अंधारांत, सुमारें २२ अंश सेल्सिअस उष्णतेंत, २८ दिवस ठेवितात. अंधार अशासाठीं कीं, उजेडांत शेवाळ वाढून हिशेबांत घोटाळा करील. विरजणांतील जंतु त्या द्रव्यास आधींपासून सरावलेले असतां कामा नयेत, असाही नियम आहे. प्रश्नपत्रिका आधीं पाहिलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा ती परीक्षा नव्हे.

जंतूंनीं द्रव्य खाल्लें हें कळतें कसें? तीन खुणांवरून. खातांना ते प्राणवायु घेतात; तो किती कमी झाला हें मोजतां येतें. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रीति हंगेरींतील विंकलर ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८८८ सालीं शोधिली, ती आजही प्रचारांत आहे. दुसरी खूण म्हणजे सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायु. चुन्याच्या निवळींत फुंकर घातली असतां ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग तुम्ही वर्गांत केलेला आहे. येथेंही तेंच तत्त्व. फक्त निवळीऐवजीं बहुधा बेरियम हायड्रॉक्साइडचें पाणी घेतात व किती वायु धरला गेला हें मोजतात. तिसरी खूण म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनाची घट. ही तिसरी खूण सांवधपणें वापरावी लागते. कारण कांहीं द्रव्यें वायुरूपानें उडून जातात व कांहीं गाळास चिकटून बसतात. पाण्यांतून तीं गेलेलीं दिसतात, परंतु त्यांचा नाश झालेला नसतो. म्हणून उडणाऱ्या किंवा चिकटणाऱ्या द्रव्याच्या बाबतींत ही पद्धति वर्ज्य मानितात.

परीक्षकाचीही परीक्षा घ्यावी लागते, हें शास्त्राचें वैशिष्ट्य आहे. म्हणून मुख्य बाटलीशेजारीं आणखी बाटल्या ठेवितात. एकींत द्रव्य मुळींच नसून केवळ विरजण असतें; त्यांतील जंतु उपाशीं असतांही जो थोडा प्राणवायु घेतात, तो मुख्य बाटलीच्या हिशेबांतून वजा करावयाचा असतो. दुसरींत सोडियम बेंझोएटसारखें, जंतूंस हमखास पचणारें द्रव्य घालतात. सरबतें टिकविण्यासाठीं वापरतात तेंच हें बेंझोएट. आंबट सरबतांत तें जंतूंस वाढूं देत नाहीं; साध्या पाण्यांत थोड्या प्रमाणांत असलें तर तेच जंतु त्याचा फडशा पाडितात. हें द्रव्य १४ दिवसांत उत्तीर्ण झालें नाहीं तर विरजणच निकामी आहे असें समजून सगळी परीक्षा रद्द करितात. तिसऱ्या बाटलींत बेंझोएट व परीक्षेचें द्रव्य हीं दोन्ही एकत्र घालतात. तेथें बेंझोएटही शिल्लक राहिलें, तर नवें द्रव्य जंतूंस केवळ अपचनीय नसून मारक आहे, असा संशय घ्यावयाचा.

गुण देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. द्रव्याचें संपूर्ण ज्वलन होण्यास सिद्धांताप्रमाणें जितका प्राणवायु लागावयाचा, त्याच्या शेंकडा ६० तरी लागला पाहिजे; वायूच्या खुणेसही तोच आंकडा; आणि विरघळलेल्या कार्बनाची घट मोजली असेल तर शेंकडा ७०. तुम्ही विचाराल, शंभर कां नाहीं? कारण वर सांगितल्याप्रमाणें कार्बनाचा कांहीं भाग जंतूंच्या शरीरवाढीस लागतो. तो जळत नाहीं, पण मूळ द्रव्यही राहत नाहीं. शेंकडा १० विघटन झाल्या दिवसापासून पुढील १० दिवसांत हा पल्ला गांठला पाहिजे, अशी आणखी एक अट बहुतेक पद्धतींत असते. म्हणजे रडत-रडत २८ दिवस काढून कसेंबसें उत्तीर्ण होणें चालत नाहीं. धुण्याच्या द्रव्यांस मात्र युरोपियन संघाच्या उपर्युक्त नियमानें ही शेवटची अट लाविली नाहीं.

ही परीक्षा मुद्दाम कठीण ठेविली आहे. जंतु थोडे, सराव नाहीं, दुसरें अन्न नाहीं, मुदत ठराविक. इतक्या अडचणींतूनही जें द्रव्य पार पडलें, तें चांगल्या वाहत्या पाण्यांत लवकर नाहींसें होईल, असें धरून चालण्यास हरकत नसते. उलटपक्षीं, जें अनुत्तीर्ण झालें तें कधींच नाहींसें होणार नाहीं, असा निष्कर्ष मात्र काढतां येत नाहीं. अशा द्रव्यास दुसऱ्या परीक्षेस बसवितात. तिच्यांत जंतूंची संख्या पुष्कळ अधिक असते व त्यांस सवय होण्यास वेळही मिळतो. त्यानंतर खऱ्या नदीच्या पाण्याशीं किंवा शुद्धीकरण-केंद्राशीं मिळती-जुळती परिस्थिति निर्माण करूनही पाहतात. परंतु तोंपर्यंत त्या द्रव्यावर विश्वास टाकावयाचा नाहीं, असा हा न्याय आहे. न्यायालयांत आरोपीस, गुन्हा सिद्ध होईपर्यंत, निर्दोष मानितात, आणि तें योग्यच आहे. कारण तेथें प्रश्न मनुष्याच्या स्वातंत्र्याचा असतो. रासायनिक द्रव्यास असें स्वातंत्र्य नाहीं. नदींत एकदां सोडलेलें द्रव्य परत बाटलींत भरतां येत नाहीं, म्हणून येथें संशयाचा फायदा नदीस मिळाला पाहिजे.

जपानचें उदाहरण ह्या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. १९६८ सालीं तेथें पी.सी.बी. नांवाचें द्रव्य खाण्याच्या तेलांत मिसळलें गेलें व अनेक लोकांस दुर्धर व्याधि जडली. हें द्रव्य सृष्टींत अतिशय टिकाऊ आहे, हेंही पुढें सर्वांस कळून आलें. त्यावर त्या राष्ट्रानें १९७३ सालीं कायदा करून, नवीन रासायनिक द्रव्य बाजारांत येण्यापूर्वींच त्याच्या विघटनाची तपासणी व्हावी असें ठरविलें. त्यांच्या परीक्षेचें विरजणही विचारपूर्वक ठरविलेलें आहे. निरनिराळ्या निदान दहा ठिकाणांहून गाळ व पाणी आणून तें एकत्र करितात, म्हणजे एकाच गांवच्या जंतूंवर निकाल अवलंबून राहत नाहीं. शेंकडों कुटुंबांच्या दुःखानंतर आलेलें हें शहाणपण इतरांनीं फुकट घेण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं.

येथवर परीक्षेची थोरवी सांगितली. आतां तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहींतर एका आंधळ्या विश्वासाच्या जागीं आम्ही दुसरा बसविल्यासारखें होईल.

पहिली मर्यादा ही कीं, विघटन होणें आणि निरुपद्रवी असणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या आज्यांनीं रेशमी वस्त्रें व दागिने ज्यांनीं धुतले, ते रिठेच घ्या. रिठा झाडावर येतो, म्हणून तो सर्वथा सौम्य असला पाहिजे असें आपण गृहीत धरितों. परंतु रिठ्यांत फेस आणणारें जें सॅपोनिन असतें, तें माशांस विषारी आहे. रिठा वापरूं नये असा ह्याचा अर्थ नव्हे. ‘नैसर्गिक’ हा शब्दही पुरावा मागितल्यावांचून स्वीकारूं नये, एवढाच अर्थ.

दुसरी मर्यादा आपल्या देशाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे. परीक्षेच्या बाटलींत प्राणवायु भरपूर असतो. नदींत तो असेलच असें नाहीं. सुमारें २० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत दर लिटरास ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायु मावतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या जवळ येतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यांतील नदीची शिदोरी मुळांतच थोडी. जंतु मात्र उष्णतेंत जलद खातात. इंग्लंडांत १९१२ सालीं मैलापाण्याविषयींच्या शाही आयोगानें पाण्याची प्राणवायूची भूक मोजण्यास ५ दिवसांची मुदत व ६५ अंश फॅरनहाइट उष्णता ठरविली होती. भारतीय मानकानें तीच भूक २७ अंश सेल्सिअस उष्णतेंत व ३ दिवसांत मोजण्याचें ठरविलें, तें ह्याच कारणासाठीं. अशा पाण्यांत शहराचें सांडपाणी शुद्ध न करितां सोडलें, तर जंतु त्यांतील घाण खातां-खातां सर्व प्राणवायु संपवून टाकितात. मग सरळ सांखळीचें, परीक्षेंत उत्तीर्ण झालेलें, उत्तम डिटर्जंटही तसेंच पडून राहतें. कारण प्राणवायूवांचून त्याचें विघटन फारसें होत नाहीं.

दिल्लीजवळ कालिंदी कुंज येथें यमुनेवर, दिवाळीच्या सुमारास व छठपूजेच्या वेळीं, पांढऱ्या फेसाचे थर तरंगतांना गेल्या कांहीं वर्षांत लोकांनीं वारंवार पाहिले आहेत. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावरही अलीकडच्या वर्षांत तसाच फेस दिसला, व त्या फेसांत उभ्या असलेल्या वारकऱ्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं. हा फेस एकट्या धुण्याच्या पुडीचा नव्हे. घरांचें सांडपाणी व कारखान्यांचें दूषित पाणी ह्या दोहोंचा त्यांत वांटा आहे. परंतु त्यावरून एक गोष्ट उघड होते. पुडीवरील हिरवें पान खरें असलें तरी तें एकटें नदीस वांचवूं शकत नाहीं. द्रव्य उत्तीर्ण झालें. त्यास ज्या पाण्यांत पाठविलें तें पाणी अनुत्तीर्ण होतें. उत्तम बियाणें आणून खडकावर पेरणाऱ्या शेतकऱ्यानें बियाण्यास दोष द्यावा काय?

कोणी म्हणेल, हें सर्व सरकारचें व शास्त्रज्ञांचें काम. शाळेंतील मुलांनीं व गृहिणींनीं त्यांत काय करावें? दुसरा म्हणेल, अशा परीक्षांना पैसा व वेळ लागतो, त्यामुळें वस्तु महाग होतील आणि त्याचा भार गरिबांवरच पडेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों. परीक्षा महाग पडते हें खरें. पण न घेतलेल्या परीक्षेची किंमतही कोणीतरी भरीतच असतो. ती कारखानदार भरीत नाहीं व शहरांतील ग्राहकही भरीत नाहीं. नदीच्या खालच्या अंगास राहणारा कोळी, नदीवर कपडे धुणारी बाई आणि तेथेंच गुरें पाजणारा शेतकरी हे भरितात. गरिबांचें नांव पुढें करून परीक्षा टाळणें म्हणजे गरिबांच्याच पदरीं दुहेरी भार घालणें होय. शिवाय, एका द्रव्याची परीक्षा एकदांच व्हावयाची असते. त्याचा खर्च लक्षावधि पुड्यांवर वांटला असतां दर पुडीस किती येईल, हें गणिताच्या तासास बसणाऱ्या मुलांनीं स्वतःच ताडून पाहावें.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर असें कीं, कायदे विचारणाऱ्या लोकांमुळें होतात. पालकांस आमची विनंति आहे कीं, पुडीवर ‘विघटनशील’ असा शब्द दिसला तर त्यापुढें तीन गोष्टी शोधाव्या : शेंकडा किती, किती दिवसांत, आणि कोणत्या परीक्षेप्रमाणें. त्या छापलेल्या नसल्या तर करणाऱ्यास पत्र लिहून विचारावें. एका पत्रानें कांहीं होत नाहीं हें खरें. पण शंभर घरांतून तेंच पत्र गेलें तर उत्तर देणें त्यास भाग पडेल. धुण्याची पूड मापानें वापरावी. मुठीनें ओतलेली अधिक पूड कपड्यांस अधिक स्वच्छ करीत नाहीं, ती केवळ नदीचा भार वाढविते. आणि नगरपालिकेच्या निवडणुकींत उमेदवार मत मागावयास दारीं आले म्हणजे, रस्ते व दिवे यांच्या जोडीस, आपल्या वस्तींतील सांडपाणी कोठें जातें व शुद्ध होऊन जातें काय, हाही प्रश्न त्यांस अवश्य करावा.

विद्यार्थ्यांस तर ह्यापुढें जातां येईल. शास्त्रशिक्षकांच्या देखरेखीखालीं एक साधा प्रयोग करून पाहा. झांकणाच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकींत नळाचें पाणी व दुसरींत नाल्याचें पाणी कांठोकांठ भरा. दोहोंत मेथिलीन ब्ल्यू ह्या निळ्या रंगाचे सारखेच थेंब टाका, हवेचा बुडबुडा राहणार नाहीं अशीं झांकणें घट्ट बसवा, आणि त्या अंधाऱ्या कपाटांत ठेवून द्या. पाण्यांतील प्राणवायु संपला कीं हा निळा रंग उडून जातो. कोणत्या बाटलीचा रंग केव्हां उडाला, हें रोज ठराविक वेळीं पाहून वहींत लिहा. नाल्याच्या पाण्यास हात लागल्यास ते साबणानें धुण्यास विसरूं नका. ही कांहीं ३०१ क्रमांकाची परीक्षा नव्हे. परंतु जंतु प्राणवायु खातात ही पुस्तकांतील ओळ तुम्हांस त्या दिवसापासून आपल्या डोळ्यांनीं पाहिलेली म्हणून आठवेल. तुमच्यापैकीं जे पुढें रसायनशास्त्र शिकतील, त्यांच्या हातून कदाचित् नवीं द्रव्यें घडतील. त्यांनीं द्रव्य घडविण्यास बसतांना, त्याचा उपयोग काय ह्या प्रश्नाबरोबरच उपयोग संपल्यावर त्याचें काय, हा प्रश्नही वहीच्या पहिल्याच पानावर लिहावा. फांटेदार सांखळी आधींच सरळ करितां आली असती, हें त्यांनीं विसरूं नये.

आपल्या घरांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यास नांव-गांव नसतें. तें कोणत्या मोरींतून आलें हें खालच्या गांवास कधींच कळणार नाहीं, व आपणांस जाब विचारण्यास तेथून कोणी येणारही नाहीं. अशा वेळीं मनुष्य कसा वागतो, ह्यावरूनच त्याच्या शिक्षणाची पारख होते. म्हणून आजच घरीं गेल्यावर मोरीवरील डबा हातांत घ्या, त्यावरचीं अक्षरें आई-वडिलांबरोबर वाचा, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न त्यास विचारा.